साडेसहाचा गजर



मागच्या अंकात गुडघ्यांविषयी लिहिले तेव्हा या वेळी मोतीबिंदूवर लिहीन असे कबूल केले होते. मोतीबिंदू पुढच्या अंकात. मधेच एक प्रश्न आला आहे आणि तो थांबवून ठेवण्यासारखा नाही.

आमच्या मोआदोनमध्ये दर मंगळवारी मी लोकांचे रक्तदाब मोजायला बसते. नोकरी सुटली, सवय सुटत नाही. उन्हाळ्यात एक बाई आल्या, वय चौऱ्याऐंशी. दाब नेहमीपेक्षा बराच वर. विचारले, झोप झाली नाही का? इकडेतिकडे पाहून त्या हळूच म्हणाल्या, "सिस्टर, माझ्याकडची मुलगी आहे ना, तिच्या आईला तो रोग आहे. मी तिचा कप वेगळा ठेवू का? का एजन्सीला सांगून दुसरी मागवू?"

ही मुलगी मुंबईची, गोवंडीकडच्या वस्तीत वाढलेली. मतापेलेत म्हणून दोन वर्षे या बाईंना अंघोळ घालते, इन्सुलिन टोचते, शुक्रवारी मेणबत्त्या काढून देते. रोज संध्याकाळी साडेसहाला तिच्या फोनचा गजर वाजतो, मग ती स्वयंपाकघरात जाऊन दोन मिनिटे बोलते. बाईंना वाटले, कुणीतरी पुरुष असावा. एक दिवस विचारलेच. मुलगी सरळ, तिने खरे सांगितले. मुंबईत तेव्हा रात्रीचे नऊ वाजतात, आईची गोळी घ्यायची वेळ. "आईला एचआयव्ही आहे आजी, वीस वर्षं झाली. मी फक्त विचारते, घेतलीस का."

त्या रात्रीपासून आजींना झोप नाही.

हा लेख मी त्या दोघींना आधी वाचून दाखवला आहे. त्यांच्या परवानगीने छापते आहे आणि काही तपशील बदलले आहेत. तेव्हा ही कोण, ती कुणाकडे, असा शोध घेण्याचा खटाटोप करू नये. आपल्याकडे भिंतींना कान असतात आणि मोआदोनच्या खुर्च्यांना तोंड.

आधी उत्तर देऊन टाकते. कप वेगळा ठेवायची काहीही गरज नाही. आजार आईला आहे, मुलीला नाही. तिची तपासणी लहानपणीच झाली, लागण नव्हती. आणि समजा असती, तरी कप वेगळा लागला नसता. हा विषाणू रक्तातून, शरीरसंबंधातल्या स्रावांतून आणि गरोदरपणी, बाळंतपणी किंवा अंगावरच्या दुधातून आईकडून बाळाला जातो. थुंकी, घाम, अश्रू, कप, चादर, संडास, डास, खोकला यांतून जात नाही. एचआयव्ही हे विषाणूचे नाव. उपचार न घेता वर्षे गेली, बहुधा आठदहा, की शरीराची लढण्याची ताकद संपते आणि टीबी, जुलाब, न्यूमोनिया असे एकामागून एक येतात, त्या अवस्थेला एड्स म्हणतात. एवढे सांगायला मला दोन मिनिटे लागली. आजींनी मान डोलावली आणि म्हणाल्या, "ते ठीक आहे हो, पण कप?"

हा कपाचा प्रश्न मला नवा नाही. माझ्या वॉर्डात तो थाळीचा प्रश्न होता.

भारतात एचआयव्ही पहिल्यांदा सापडला १९८६ साली, मद्रासमध्ये. डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी निर्मला यांनी काही वेश्यांच्या रक्ताचे नमुने तपासले आणि त्यांत तो निघाला. त्यानंतर मुंबईतही रोगी दिसू लागले. मी तेव्हा एका मोठ्या इस्पितळात पुरुषांच्या मेडिकल वॉर्डला होते. आपल्यापैकी कितीतरी जण भायखळा, नागपाडा, जेकब सर्कलला वाढले. कामाठीपुरा तिथून हाकेच्या अंतरावर. त्या बाजूने जाताना आपल्या आया हात घट्ट धरून पावले झपाझप टाकायला लावत. त्यामुळे हा रोग 'त्या गल्लीतला' असे आम्हा सगळ्यांच्याच डोक्यात बसले, नर्सेसच्यासुद्धा. खाट कोपऱ्यात, केसपेपरवर लाल शाईची खूण. वॉर्डबॉय थाळी जमिनीवर ठेवून पायाने पुढे सरकवी आणि मी ते पाहून गप्प बसे. एकदा मीही तशीच सरकवली. दोन हातमोजे घालून, वर. आमच्या सिस्टर ट्यूटरने हे पाहिले असते तर माझी टोपी उतरवली असती.

आणि रोगी कोण होते? गोदीतले हमाल, गिरणीतून सुटलेले कामगार, ट्रक आणि टॅक्सीवाले, हॉटेलातली पोरे. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातली कितीतरी घरे उघड्यावर आली होती, हे तुम्हाला आठवत असेल. संपाच्या आधीपासूनच तिथले पुरुष एकटे राहत. बायको मुले कोकणात, साताऱ्यात. इथे दहा बाय बाराच्या खोलीत पाळीपाळीने झोपणारे दहापंधरा जण, जेवण खानावळीत. गावाला जायचे ते गणपती-शिमग्याला. हा विषाणूही त्यांच्याबरोबर एसटीने गावी गेला. पण ज्या बायकांना तो मिळाला त्यांच्यातल्या बहुतेकींनी आयुष्यात नवऱ्याशिवाय दुसरा पुरुष पाहिलेला नव्हता. रोग 'त्या गल्लीतला' म्हणणाऱ्या आम्हाला हे समजायला फार वर्षे लागली.

एक बाई मी विसरू शकत नाही. साल बहुधा १९९२. नवरा गोदीत ओझी वाही. ताप उतरेना, वजन निम्मे झालेले. ती सातारकडची, डब्यात भाकरी आणि मिरचीचा ठेचा घेऊन रोज यायची. वय असेल बावीस-तेवीस. रिपोर्ट आला. वरिष्ठ डॉक्टर म्हणाले, घरच्यांना टीबी सांगा. टीबी होताच, त्यामुळे खोटेही नव्हते. नवऱ्यालाही नाव बाहेर जायला नको होते. तो म्हणाला, मुकादमाला कळले तर काम जाईल, चाळीत कळले तर खोली जाईल. तिने दारात मला गाठले. "बाई, ह्यांना नक्की काय झालंय?" मी म्हटले, टीबी. गोळ्या वेळेवर द्या, दूध-अंडी द्या. ती दोघे घरी गेली.

पुढच्या वर्षी मला काही दिवस मुलांच्या वॉर्डात पाठवले होते. तिथे ती बसलेली. मांडीवर सात-आठ महिन्यांचे पोर, हातपाय काड्यांसारखे, तोंडात पांढरे डाग. तिने मला लगेच ओळखले. रागाने काही बोलली नाही. फक्त विचारले, "बाई, ह्याला पण टीबीच का?"

मी काय उत्तर दिले ते मला आठवत नाही. कदाचित दिलेच नसेन.

रोग्याचे गुपित राखणे हे नर्सचे पहिले काम, हे मी आजही मानते. पण त्या वेळी गुपित आणि लपवाछपवी यांत आम्हाला फरक करता येत नव्हता. त्या नवऱ्याजवळ कुणीतरी तासभर बसायला हवे होते. 'तूच तिला सांग, आम्ही बरोबर बसतो' असे म्हणायला हवे होते. बसायला माणूस नव्हता आणि तसे बसायचे असते हे शिकवलेले नव्हते. आता भारतात २०१७ चा कायदा आहे. त्यात तपासणीसाठी संमती हवी, नाव गुप्त राहिले पाहिजे, रोगामुळे कुणाला नोकरीवरून किंवा घरातून काढता येत नाही. आणि जोडीदाराला खरोखर धोका असेल, समजावूनही रोगी स्वतः सांगत नसेल, तर डॉक्टर किंवा समुपदेशक त्याला तसे कळवून जोडीदाराला सांगू शकतात. तेवढी वाट त्या वेळी कागदावरसुद्धा नव्हती.

लोक मला विचारतात, झोपडपट्टीतल्या माणसांना माहितीच नसेल ना? थोडी कमी होती, हो. पण पोस्टरे भिंतीभिंतीवर लागली होती. कवटी, हाडे, 'एड्स म्हणजे मृत्यू'. ती पाहून काय झाले? ज्याला शंका होती तो तपासायला येईनासा झाला. मरणाचा दाखला आणायला रांगेत कोण उभे राहील? औषध तर नव्हतेच. 'एचआयव्ही निघाला' म्हणून काय मिळायचे, तर फक्त लाल शाईची खूण.

आणि माहिती असली तरी ती वापरायला जागा लागते. निरोध १९६८ पासून मिळत होता, पंधरा पैशांना तीन. वस्तीतल्या दवाखान्यात आम्ही ते फुकट वाटत असू. पण खोलीत सासू, दीर, तीन मुले. पाकीट ठेवायचे कुठे? एक बाई मला म्हणाली होती, तांदळाच्या डब्यात ठेवले तर सासूच्या हाताला आधी लागते. दुसरी गोष्ट त्याहून मोठी. दोन-तीन मुलांवर ऑपरेशन करून घ्या, हे आम्हीच घरोघर सांगत होतो. ऑपरेशन झाले की निरोधचे काम संपले, अशी सगळ्यांची समजूत. ज्या बाईचे ऑपरेशन झाले आहे तिने नवऱ्याला निरोध वापरायला सांगायचे म्हणजे एक तर 'मला तुझा संशय आहे' म्हणायचे, नाहीतर त्याने तिचा संशय घ्यायचा. दोन्हींचा शेवट मारहाणीत. कुटुंबनियोजनाने ज्या बाईचे एक ओझे उतरवले, तिच्या हातातले हे एकच ढालीसारखे साधनही काढून घेतले. दोन खात्यांनी एकत्र बसून हा विचार करायला हवा होता, असे मला अजून वाटते.

सुयांचा प्रश्न वेगळा. वस्तीतला डॉक्टर सुई टोचल्याशिवाय पैसे घेत नसे आणि रोग्यालाही सुईशिवाय बरे वाटत नसे. तीच सुई नीट न उकळता पुढच्याला. रक्ताचेही तसेच, पैशांसाठी रक्त विकणारे लोक इस्पितळांच्या फाटकाबाहेर बसलेले आपण पाहिले आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालामुळे तो धंदा १ जानेवारी १९९८ पासून बंद झाला.

मग फरक पडला कशाने? माझे मत विचाराल तर, ज्यांना आम्ही शिकवायला निघालो होतो त्यांनीच ते काम हातात घेतले तेव्हा. कलकत्त्याच्या सोनागाचीत १९९२ साली डॉ. स्मरजित जाना यांनी त्याच वस्तीतल्या बायकांना प्रशिक्षण देऊन घरोघर पाठवायला सुरुवात केली. त्या शिकल्या आणि त्यांनीच डॉक्टरांनाही एक गोष्ट शिकवली. एकीने गिऱ्हाइकाला निरोधशिवाय नाही म्हटले तर तो शेजारच्या दारात जातो. सगळ्या दारांतून नाही आले तर जाणार कुठे? सगळ्यांनी नाही म्हणायचे तर एकी हवी, आणि आज गिऱ्हाईक गेले तरी चूल पेटायला हवी. म्हणून १९९५ मध्ये त्यांनी आपली संघटना काढली, आणि सावकाराच्या तावडीतून सुटायला स्वतःची सहकारी पतपेढीही. रोग थोपवायला पतपेढी लागते, हे आमच्या नर्सिंगच्या कुठल्या पुस्तकात नव्हते. आपल्या सांगलीतही 'संग्राम' संस्थेचे काम १९९२ मध्येच सुरू झाले, मीना शेषू यांच्या पुढाकाराने, आणि त्यातून तिथल्या बायकांची 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहिली. 'आम्हाला सुधारायला येऊ नका, आमच्याशी नीट बोला' असा त्यांचा सूर असे. मला सुरुवातीला तो उद्धट वाटला होता. नंतर वाटेनासा झाला.

मी १९९६ मध्ये इकडे आले. पुढे २००३ च्या सुरुवातीला मुंबईला गेले तर बसवर, स्टेशनवर, पाटीपाटीवर एकच प्रश्न: 'बलबीर पाशा को एड्स होगा क्या?' मला वाटले हा कुणी पुढारी आहे आणि बिचारा आजारी आहे. भाची हसून हसून लोटपोट. बलबीर पाशा नावाचा कुणी नव्हताच. नाक्यावर दोन मित्र गप्पा मारतात तशा त्या जाहिराती होत्या: बलबीर दारू प्याला की निरोध विसरतो, बलबीर एकाच बाईकडे जातो, मग त्याला होईल का? ती भाषा गोदीतल्या माणसाची होती. टॅक्सीवाले, पानवाले त्यावर उघड बोलत होते. दोष पुन्हा बाईच्याच माथी येतो असा आक्षेप काही जणांनी घेतला आणि तो मला पटतो. पण ज्या शहरात मी थाळी पायाने सरकवली होती तिथे लोक या विषयावर हसत होते, हेही मी पाहिले.

आणि मग औषध आले. १ एप्रिल २००४ पासून सरकारने ते फुकट द्यायला सुरुवात केली, पहिल्यांदा आठ इस्पितळांत, मुंबईचे जे.जे. त्यांतले एक. आता तपासणीला अर्थ आला. या मुलीच्या आईचेच पाहा. नवरा टॅक्सी चालवायचा, २००१ मध्ये गेला. सासरच्यांनी हिला दोष देऊन भांडी वेगळी केली. वस्तीतल्याच एका बाईने, जिला स्वतःला लागण होती, तिला हाताला धरून तपासणीला नेले. औषध सुरू झाले तेव्हा तिचे वजन चौतीस किलो होते. आज ती साठीला आली आहे आणि तिने स्वतः कितीतरी जणींना हाताला धरून नेले आहे. भारतात आज सुमारे २५ लाख लोक या विषाणूसह जगत आहेत. बहुतेकांना दिवसाला एक गोळी पुरते. गोळी नेमाने घेतली, रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका खाली राहिला, तर शरीरसंबंधातूनही तो दुसऱ्याला जात नाही. गरोदर बाईने वेळेवर औषध घेतले तर बाळाला लागण होण्याची शक्यता शंभरात पाचाच्याही खाली येते; औषध नसताना ती पंधरापासून पंचेचाळीसपर्यंत असे. १९९३ मधले ते पोर आज जन्मते तर बहुधा वाचले असते.

'मायदेशातल्या गरिबांच्या वस्तीत असेल, आपले काय' असे म्हणणाऱ्यांना एक आठवण देते. जानेवारी १९९६ मध्ये 'मारीव' वर्तमानपत्राने उघड केले की इथिओपियाहून आलेल्या आपल्या बांधवांचे दान केलेले रक्त एचआयव्हीच्या भीतीने गुपचूप फेकून दिले जात होते. हजारो लोक यरुशलेमला पंतप्रधानांच्या कचेरीपुढे जमले. त्यांना सर्वांत जास्त लागले ते हे, की तोंडावर कुणी सांगितले नाही. उलपानमध्ये माझ्या बाकावर इथिओपियाची एक बाई बसत असे. हिब्रू दोघींनाही येत नव्हते. तिने एकदा आपला हात माझ्या हाताजवळ ठेवला आणि रंग सारखाच आहे असे बोटाने दाखवले.

आता आपल्या वयाचे. लाजू नका, मीही सत्तरी ओलांडली आहे. मूल होण्याची भीती संपली म्हणून निरोध लागत नाही, हा समज आपल्या वयातही चुकीचा आहे. विधुर-विधवा पुन्हा संसार मांडतात, चांगलेच आहे, पण आधी दोघांनी एकदा तपासणी करावी. वजन घटणे, सारखा ताप, थकवा, नागीण, हे सगळे आपण म्हातारपणावर ढकलतो आणि डॉक्टरही कधी कधी ढकलतात. शंका असेल तर कुपात होलिमच्या डॉक्टरांना सरळ सांगा, रक्ताची साधी तपासणी आहे. तेल अवीवमध्ये एड्सविरोधी समितीच्या केंद्रात नाव न सांगताही ती होते. मुंबईतल्या नातेवाइकांसाठी १०९७ हा फुकट फोन आहे.

आणखी एक, जे मला मोआदोनमध्ये सारखे दिसते. नवरा-बायको दोघांना मधुमेह, आणि बोट टोचायचे पेन एकच. 'सुई बदलतो ना' म्हणतात. पेनही वेगळे हवे. यात एचआयव्हीपेक्षा कावीळ बी ची धास्ती जास्त. तुम्ही मुलीच्या कपाची काळजी करता आणि पेन दोघांत वापरता, हे मी त्या आजींनाही ऐकवले. त्यांचे यजमान हयात असताना तसेच चालायचे, म्हणाल्या.

आजींनी एजन्सीला फोन केला नाही. दोन-तीन आठवडे कप वेगळाच होता, मुलीच्या लक्षात आले होते, ती काही बोलली नाही. मग एके दिवशी आजींनीच चहा केला, हात थरथरतो म्हणून अर्धा बशीत सांडला, आणि हाताला लागले ते दोन कप घेतले.

ऑक्टोबरच्या शेवटी आपले घड्याळ एक तास मागे गेले. मुंबईचे नऊ म्हणजे आता इथले साडेपाच. पहिल्या संध्याकाळी मुलगी गजर बदलायला विसरली. साडेपाचला आजी बाहेरच्या खोलीतून ओरडल्या, "अगं, आईला फोन कर, तिकडे नऊ वाजले."